दोन्ही पास आपापल्या जागी, तरी गच्चीवरची टाकी वाहिली: मुक्तस्रोत कंपायलर सांभाळताना

पागोळी (धागाकर्ता)

गेली सहा वर्षं आम्ही चौघं जण एक छोटा मुक्तस्रोत कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) सांभाळतोय. भाषा सीच्या वळणाची, पण लहान कंट्रोलर चिपांसाठी बेतलेली: पूर्णांक १६ बिटांचे, मेमरी मोजूनमापून. सध्या ३२ बिटांच्या रिस्क-फाइव्ह चिपांसाठी कोड काढतो. मी भांडुपला राहतो, नोकरी अंधेरीत, कंपायलरचं काम रात्रीची जेवणं आटोपल्यावर. उरलेल्या तिघांचंही तसंच. जूनमध्ये एक बग आला, तो सापडायला एकोणीस दिवस लागले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. कंपायलर लिहायचा कसा हे कॉलेजात शिकवतात, त्यावर पुस्तकं आहेत. लिहिलेला कंपायलर दहा वर्षं खरं बोलत राहील असा ठेवायचा कसा, यावर आपल्याकडे कुणी बोलताना दिसत नाही.

मेल आला तो साकीनाक्याच्या एका गाळ्यातून. ते गृहस्थ सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचे कंट्रोलर बनवतात. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको: पालिकेचं पाणी ठरल्या वेळेला येतं, खालच्या टाकीत पडतं, तिथून पंप ते गच्चीवर चढवतो. वरची टाकी भरली की पंप थांबला पाहिजे. त्यांनी चार इमारतींत तोच प्रोग्राम बसवला होता. तीन इमारतींत सुरळीत, चौथीत पंप थांबेना. पहाटे साडेपाचला जिन्यावरून पाणी खाली येऊ लागलं, वॉचमनने मेन स्विच पाडला तेव्हा थांबलं. मेलमध्ये शेवटी लिहिलं होतं, ‘ऑप्टिमायझेशन बंद केलं की बरोबर चालतं. चूक तुमच्या कंपायलरची आहे की माझी, एवढंच सांगा.’

या प्रश्नाचं उत्तर देणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आपणहून आटोपशीर, वेगवान करणं) लावल्यावर बिघडलेला प्रोग्राम बहुतेक वेळा मुळातच सदोष असतो. भाषेचे नियम ज्याला ‘अनिश्चित वर्तन’ म्हणतात तसं काहीतरी त्यात असतं, आणि ऑप्टिमायझर त्याचा फायदा घेतो. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये असंच झालं. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आधी वापरला होता आणि तो रिकामा आहे का ही तपासणी नंतरच्या ओळीत होती. जीसीसी या कंपायलरने तर्क केला की पॉइंटर वापरलाय म्हणजे तो रिकामा असूच शकत नाही, आणि तपासणी गाळून टाकली. त्यातून सुरक्षेचं भगदाड पडलं. कंपायलर नियमाप्रमाणे वागला होता. तरी कर्नलवाले तेव्हापासून ती गाळणी बंद करणारा पर्याय लावून बांधणी करतात. त्यामुळे असा मेल आला की मनात पहिल्यांदा येतं ते ‘तुमच्याच प्रोग्राममध्ये बघा’. मीही दोन दिवस त्यांना तेच सांगत राहिलो. त्याबद्दल मी नंतर त्यांची माफी मागितली.

त्यांचा प्रोग्राम सहा हजार ओळींचा. आधी तो लहान करायला हवा. रिड्यूसर नावाचं साधन ओळी एकेक करून काढतं, दर वेळी विचारतं ‘बग अजून दिसतो का?’, दिसला तर ती ओळ कायमची काढतं. रात्रभर लावून ठेवलं, सकाळी बारा ओळींचा प्रोग्राम हातात. मी दोन दिवस त्यावर घालवले आणि मग लक्षात आलं की रिड्यूसरने भलताच बग पकडलाय. किंमत न दिलेलं चल वाचणारा प्रोग्राम त्याने बनवला होता. तोही ऑप्टिमायझेशनने वेगळं उत्तर देतो, म्हणून त्याला वाटलं काम झालं. ‘बग दिसतो का’ या प्रश्नात ‘आणि प्रोग्राम अजूनही नियमात बसतो का’ ही तपासणी घालून पुन्हा लावलं. या खेपेला तीन रात्री लागल्या. उरल्या अकरा ओळी.

त्या अकरा ओळींत काय होतं ते सांगतो. सेन्सरचं वाचन १६ बिटी चिन्हासहित, म्हणजे उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७. त्यात दोन स्थिरांक मिळवायचे, एक सेन्सरच्या शून्याची दुरुस्ती आणि एक पाइपच्या उंचीची. बेरीज ठरल्या पातळीच्या वर गेली की पंप बंद. आकडे सोयीसाठी गोल करतो. वाचन उणे २०,०००, दोन्ही दुरुस्त्या अधिक २०,०००, पातळी १८,०००. प्रोग्रामच्या क्रमाने करा: वाचन आणि पहिली दुरुस्ती मिळून शून्य, त्यात दुसरी, २०,०००. पातळीच्या वर. पंप बंद व्हायला हवा. कुठेही १६ बिटांची हद्द ओलांडलेली नाही. प्रोग्राम निर्दोष आहे.

आता आमचा पहिला पास येतो. (पास म्हणजे ऑप्टिमायझरने प्रोग्रामवरून फिरवलेला एक हात, आमच्याकडे असे बावीस आहेत.) तो म्हणतो, दोन स्थिरांक आहेत, त्यांची बेरीज आत्ताच करून टाकू, चालताना एक बेरीज वाचेल. बेरीज ४०,०००. १६ बिटांत ती मावत नाही, गुंडाळून उणे २५,५३६ होते. यातही बिघडत काही नाही, कारण उणे २०,००० आणि उणे २५,५३६ ची बेरीज पुन्हा गुंडाळली की २०,०००च येते. घड्याळाचा काटा उलट फिरवून त्याच आकड्यावर यावा तसं.

पण प्रत्येक बेरजेला आमच्या अंतर्गत रूपात एक फ्लॅग असतो: ‘ही बेरीज हद्द ओलांडणार नाही’. मूळ दोन्ही बेरजांवर तो खरा होता. पासने दोन बेरजांची एक केली आणि फ्लॅग तसाच पुढे चिकटवला. नवी बेरीज हद्द ओलांडते, तरी तिच्यावर ‘ओलांडणार नाही’ असं लिहिलेलं.

तीन पास पुढे दुसरा पास. चिपचे रजिस्टर (आकडे ठेवायचे तिचे कप्पे) ३२ बिटांचे, त्यामुळे १६ बिटी बेरजेनंतर चिन्ह पसरवण्याच्या जादा सूचना लागतात. हा पास फ्लॅग वाचतो आणि म्हणतो, हद्द ओलांडत नाही ना, मग सरळ ३२ बिटांतच बेरीज करू, जादा सूचना गाळू. फ्लॅग खरा असता तर हे पूर्ण बरोबर होतं. त्याने केलं. उणे २०,००० आणि उणे २५,५३६, या खेपेला ३२ बिटांत: उणे ४५,५३६. पातळीच्या कितीतरी खाली. पंप चालू राहिला.

बाकी तीन इमारतींत पाइपची उंची कमी, दोन स्थिरांकांची बेरीज ३२,७६७ च्या आत, म्हणून तिथे सगळं ठीक. आमच्या टेस्टमध्ये त्या जागी स्थिरांक होते ३ आणि ४.

बायसेक्ट केलं (जुने बदल अर्धे-अर्धे करत तपासले) तर चूक टाकणारा बदल दोन वर्षांपूर्वीचा निघाला, माझाच. रिव्ह्यू एकाच मित्राचा होता, तोही गणपतीच्या दिवसांत, घरी पाहुणे असताना केलेला. त्याला दोष नाही. त्याने जेवढा वेळ दिला तेवढा तरी कोण देतं?

दुरुस्ती दोन ओळींची: स्थिरांकांची बेरीज मावत नसेल तर फ्लॅग काढून टाक. पण दोन ओळी टाकून झोप लागेना. फ्लॅग पुढे नेणाऱ्या आणखी किती जागा आहेत? मोजल्या, एकतीस. एकेक हातात घेतली. चार चुकीच्या निघाल्या.

तुमच्यापैकी जे कंपायलरवर, किंवा अशाच कुठल्या जुन्या, सगळ्यांच्या पायाखालच्या सॉफ्टवेअरवर काम करतात त्यांनी आपले अनुभव लिहावेत. खास करून हे: दोन पासांमधली, त्या फ्लॅगसारखी, जी वचनं कुठेच लिहिलेली नसतात, ती तुम्ही कशी सांभाळता?

खारफुटी

वाचताना अंगावर काटा आला. आमच्याकडे एलएलव्हीएम या मोठ्या मुक्तस्रोत कंपायलर-संचावर बेतलेला बॅकएंड (चिपसाठी कोड काढणारा भाग) आहे, कंपनीच्या स्वतःच्या चिपसाठी. मी गेली पाच वर्षं तो नव्या आवृत्तीवर चढवण्याचंच काम करतेय.

माझा अनुभव वचनांच्या दुसऱ्या बाजूचा. एलएलव्हीएमचं सी++ बाजूचं अंतर्गत बांधकाम कुणालाही स्थिर राहील असं वचन देत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर प्रकल्प पुढे सरकणारच नाही. पूर्वी त्यांच्या आयआरमध्ये (प्रोग्रामच्या अंतर्गत रूपात) प्रत्येक पॉइंटर आपण कशाकडे बोट दाखवतोय त्याचा प्रकार सोबत बाळगायचा. तो प्रकार काढून टाकायचा निर्णय झाला, त्यावर वर्षानुवर्षं काम चाललं. २०२२ च्या आवृत्ती १५ मध्ये बिनप्रकाराचा पॉइंटर मूळ पर्याय झाला, आणि २०२३ च्या १७ मध्ये जुना पाठिंबा संपला. आमच्या कोडमध्ये ‘हा पॉइंटर कशाकडे बघतो’ हे विचारणाऱ्या दोनशेच्या वर जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी मूळ लेखकाला नेमकं काय हवं होतं हे ओळखायचं, आणि मूळ लेखक तर कधीच नोकरी सोडून गेलेला. आम्ही आवृत्ती १४ वर अडकून बसलो आणि तेवढ्या काळात मूळ प्रकल्पात झालेली एकही बगदुरुस्ती आम्हाला मिळाली नाही.

तेव्हा एक शिकले: वरच्या प्रकल्पाशी रोज जुळवून घेतलं तर रोज अर्धा तास जातो, वर्षातून एकदा घेतलं तर वर्ष जातं. आता दर सोमवारी सकाळी विक्रोळी येईपर्यंत मी गाडीतच आदल्या आठवड्याचे बदल वाचून काढते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वचनं टेस्टमध्ये ठेवतो. कमेंटमध्ये लिहिलेलं वचन कुणी मोडलं तर काहीच वाजत नाही.

विसावा

चांगला लेख. पण स्पष्ट विचारतो, राग मानू नका. चार जणांनी रात्री जागून वेगळा कंपायलर का सांभाळायचा? एलएलव्हीएमला फक्त फ्रंटएंड (भाषा वाचणारा भाग) लावला असता तर ही फ्लॅगची भानगड त्यांनी कधीच निस्तरलेली मिळाली असती.

पागोळी

राग नाही, हा प्रश्न आम्ही आपसात दरवर्षी करतो. तुम्ही म्हणता ते बरंचसं खरं आहे. दोन स्थिरांकांची बेरीज मावते का हे बघूनच फ्लॅग ठेवणं एलएलव्हीएममध्ये आहे. बग सापडल्यावर मी जाऊन पाहिलं आणि ती ओळ बघून बराच वेळ गप्प बसलो.

न वळण्याचं कारण असं की आमचा अख्खा कंपायलर माझ्या जुन्या लॅपटॉपवर चाळीस सेकंदांत बांधून होतो. नवीन मुलगा आला तर पहिल्याच संध्याकाळी तो सगळा वाचायला घेऊ शकतो. एलएलव्हीएम पूर्ण बांधायला त्याच लॅपटॉपवर रात्र लागते, आणि लिंक करताना मेमरी संपून सगळं मधेच पडतं. गाळ्यातल्या माणसाला स्वतःच्या मशीनवर कंपायलर दुरुस्त करून बघता आला पाहिजे हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आणि मोठ्या प्रकल्पावर बसलात म्हणजे हा प्रश्न सुटला असं नाही. रस्ट भाषेचं उदाहरण घ्या. त्यांच्या भाषेत ‘या दोन पॉइंटरांची जागा एकमेकांवर येत नाही’ हे वचन भाषाच देते. ते एलएलव्हीएमला कळवलं की कोड वेगवान होतो. पण सीमध्ये हे वचन क्वचित वापरलं जायचं, त्यामुळे ते वाचणाऱ्या पासांची कधी नीट परीक्षाच झाली नव्हती. रस्टने ते सगळीकडे लावलं आणि चुकीचा कोड निघू लागला. बंद केलं, दुरुस्त झालं, चालू केलं, दुसरा बग, पुन्हा बंद. २०२१ च्या १.५४ आवृत्तीत ते परत चालू झालं. वचन भाषेचं, चूक खालच्या थरातली, आणि उत्तर द्यावं लागलं वरच्यांना.

तांब्यापितळ

मी निवृत्त. उमेदीची वर्षं जीसीसीच्या बॅकएंडवर काढली. पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकरांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर सुरू झालं, तिथल्या कार्यशाळेला मी गेलो होतो. त्याआधी जीसीसीचा कोड मी चाचपडत वाचायचो. तिथे पहिल्यांदा कुणीतरी फळ्यावर मांडून दाखवलं की एक विधान जिंपल या अंतर्गत रूपातून आरटीएल या दुसऱ्या रूपात आणि तिथून यंत्रवर्णनाच्या फायलीला धरून असेंब्लीत कसं उतरतं. जुन्या मुक्तस्रोत प्रकल्पात वाट दाखवणारा माणूस कोडइतकाच लागतो.

पवईचाच विषय निघालाय तर आणखी एक. एलएलव्हीएम २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालं ते क्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांच्याकडून. अडवे १९८७ चे पवईचे विद्यार्थी. जीसीसीचं पहिलं प्रकाशनही १९८७ चंच, म्हणून हे साल माझ्या लक्षात राहिलंय.

आता मुद्दा. तुमच्या ‘वचनां’त मी एक भर घालतो: जुन्या यंत्रांना दिलेलं वचन. जीसीसीमध्ये तुलनेचा निकाल ठेवायची एक फार जुनी पद्धत होती, सीसी-झीरो म्हणत. नव्या पासांना तिचा अडथळा व्हायचा, प्रत्येकाला तिच्यासाठी वेगळी फाटाफूट लिहावी लागायची. ती काढायची ठरली. म्हणजे जे बॅकएंड तिच्यावर उभे होते त्यांनी स्वतःला बदलायचं, नाहीतर बाहेर पडायचं. मोटोरोलाच्या ६८००० मालिकेचा बॅकएंड वाचवायला त्या जुन्या यंत्रांवर प्रेम करणाऱ्या लोकांनी वर्गणी काढली आणि काम करून घेतलं. आर्दुइनोत बसते ती एव्हीआर चिपही याच रांगेत उभी होती, तीही वेळेत बदलली गेली. मग २०२२ च्या जीसीसी १२ मध्ये ती पद्धत कायमची गेली. कोणत्याही मुक्तस्रोत कंपायलरमध्ये एखादी चिप टिकते ती तिच्यासाठी उठून पॅच (दुरुस्ती) लिहिणारा कुणीतरी असेपर्यंत. पागोळी, तुमच्या चौघांत प्रत्येक भाग किमान दोघांना येतो का, हे एकदा तपासून बघा.

पागोळी

काका, नाही येत. रजिस्टर वाटपाचा भाग फक्त एकालाच येतो आणि तो पुढच्या वर्षी परदेशी चाललाय. या महिन्यात मी त्याच्याबरोबर बसणार आहे.

त्या भागाबद्दल थोडं लिहितो, कारण बाहेरून तो साधा वाटतो. चल पन्नास, रजिस्टर बारा. एकाच वेळी जिवंत असलेल्या दोन चलांना एक रजिस्टर देता येत नाही. १९८१ मध्ये चेटिनने हा नकाशा रंगवण्यासारखा प्रश्न आहे असं मांडून दाखवलं. पूर्ण उत्तर काढायचं तर प्रोग्राम वाढेल तसा वेळ हाताबाहेर जातो, म्हणून सगळे अंदाजाने रंगवतात. अडचण अशी की हा अंदाज थोडा बदलला की सगळ्या प्रोग्रामांचा निकाल बदलतो. वीस सुधारतात, सात मंदावतात, आणि त्या सातांतला एक कुणाच्या तरी कारखान्यात चालू असतो. कुठला बदल चांगला हे ठरवायला आमच्याकडे लागतील तेवढे खरे प्रोग्राम नाहीत. लोक आपला कोड दाखवत नाहीत.

मोडीवाचक

फ्लॅगचं मला फारसं कळत नाही, पण एक गाऱ्हाणं आहे. तुमच्या कंपायलरमध्ये चलांची नावं देवनागरीत चालतात असं लिहिलंय, म्हणून मी भाचीला शिकवायला घेतला. तिने एका चलाला ‘पायऱ्या’ नाव दिलं. माझ्या मशीनवर चाललं. तिच्या मशीनवर ‘अनोळखी अक्षर’ अशी चूक. दोन्ही पडद्यांवर शब्द तोच. तासभर बघत बसलो.

पागोळी

हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, आमच्याकडे याची नोंदच नव्हती. आज दिवसभर यावरच होतो.

‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. कीबोर्डाप्रमाणे यांतला कुठलातरी एक उमटतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे चलनावांसाठीचे मूळ नियम ते अदृश्य जोडचिन्ह नावात येऊ देत नाहीत, आणि आम्ही ते नियम जसेच्या तसे उचलले होते. जगभरच्या बहुतेक भाषांचं त्यात भागतं. मराठीत ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ अडकतात. जोडचिन्ह नुसतं गाळून टाकावं तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि ही दोन वेगळी नावं आहेत.

आम्ही ठरवलं की नाव वाचतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलायचं. ‘र’खाली नुक्ता देऊन बनवलेला ‘ऱ’ही युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणाने पहिल्यातच येतो. उद्या रात्री पॅच टाकतो.

तेच बघताना दुसरा बग दिसला. चूक दाखवताना आम्ही ओळीखाली बाणाचं टोक काढतो, ते देवनागरी ओळीत पार उजवीकडे भलत्याच शब्दाखाली पडत होतं. ‘पायऱ्या’ डोळ्यांना तीन अक्षरं, युनिकोडला सात चिन्हं, फायलीत २१ बाइट. आम्ही बाइट मोजत होतो. मोठ्यांकडेही हे सरळ नव्हतं; जीसीसीने स्तंभ पडद्यावरच्या रुंदीने मोजायला सुरुवात केली ती २०२१ च्या आवृत्ती ११ मध्ये, आणि सीच्या कोडमध्ये अशी नावं थेट लिहिता येऊ लागली ती २०२० च्या आवृत्ती १० पासून. भाचीला सांगा, तिच्या एका शब्दाने आमचे दोन बग बाहेर काढले. बदलांच्या यादीत श्रेय कुठल्या नावाने द्यायचं ते व्यनि करा.

रात्रपाळी

रिव्ह्यूबद्दल जे लिहिलंय त्यावर मला थांबायचंय. आपण सगळे बग मोजतो, पण थकलेला मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) हाही धोकाच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या साधनाचं प्रकरण बाहेर आलं. एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या, थकलेल्या माणसाला मदत करत करत कुणीतरी दोनेक वर्षांत विश्वास मिळवला आणि शेवटी मागचं दार बसवलं. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या माणसाला, एसएसएच लॉगिनला (दुरून यंत्रात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्याने सोडून दिलं नाही म्हणून. कंपायलरमध्ये असं काही शिरलं तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामात शिरेल. युनिक्सच्या केन थॉम्प्सनने १९८४ मध्ये छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणातच हे दाखवून दिलं होतं.

तुमच्या प्रकल्पात कुणालाही थेट कोड टाकता येतो का?

पागोळी

नाही. जूननंतर नियम केला: ऑप्टिमायझरच्या कोणत्याही बदलाला दोघांचा रिव्ह्यू, माझ्या स्वतःच्या बदलालाही. परिणाम असा की अकरा पॅच रांगेत अडलेत, त्यातला एक तीन महिने. एका मुलाने वैतागून विचारलं, ‘माझं काम नकोय का तुम्हाला?’ हवंय. फार हवंय. त्याला फोन करून अर्धा तास बोललो, तेव्हा कळलं की आम्ही साधी पोचही दिली नव्हती.

पहिली लोकल

मी शेवटच्या वर्षाला आहे, डोंबिवलीहून येते. पहिल्या पोस्टमध्ये दोन पासांचं लिहिलंय ते तीनदा वाचलं. एक विचारते. उरलेल्या एकतीस जागा तुम्ही तपासल्या म्हणजे नुसत्या डोळ्यांनी? मग तुमच्याही नजरेतून काही सुटलं नसेल कशावरून? आणि माझ्यासारखीने सुरुवात कुठून करावी?

पागोळी

नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, दोन वर्षांपूर्वी तोच ठेवला होता.

एक युक्ती आहे आणि ती तुम्ही वहीवरही करू शकता. १६ बिट विसरा, ४ बिट घ्या. उणे ८ ते अधिक ७, फक्त सोळा आकडे. वाचन आणि दोन स्थिरांक, तिन्ही मिळून १६ × १६ × १६, म्हणजे ४,०९६ शक्यता. यंत्राला त्या सगळ्या चालवून बघायला डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ पुरतो. प्रत्येक शक्यतेला विचारायचं: मूळ रूपात फ्लॅग खरा होता का? असेल तर नव्या रूपातही खरा आहे का? उणे ४, ४, ४ घालून बघा. मूळ क्रमात ० आणि मग ४, कुठेही हद्द ओलांडत नाही. नव्या क्रमात ४ आणि ४ आठ, आणि ८ चार बिटांत मावत नाही. टाकी वाहिली तोच बग, बोटांवर मोजता येईल एवढा. आमच्या चारही चुका या तपासणीने काही सेकंदांत धरल्या. एलएलव्हीएमसाठी अलाइव्ह-टू नावाचं साधन हेच काम गणिती सिद्धता करणाऱ्या सॉल्व्हरकडून, खऱ्या रुंदीवर करून घेतं. आमच्या घरगुती तपासणीला पळवाट आहे: ज्या पासांचा नियम मी तिच्यात लिहायला विसरलो ते ती बघतच नाही.

सुरुवात टेस्ट लहान करण्यापासून करा. आमच्याकडे चौतीस उघडे बग आहेत, बहुतेकांना शेकडो ओळींचे प्रोग्राम जोडलेले. त्यातला एक घ्या आणि दहा ओळींवर आणा. पॅच लिहायची घाई नको. चांगली लहान टेस्ट आमचा आठवडा वाचवते. आणि बनावट प्रोग्राम पाडून कंपायलरला छळण्यात रस असेल तर सीस्मिथबद्दल वाचा. यूटा विद्यापीठाच्या त्या साधनाने जीसीसी, एलएलव्हीएम आणि इतर कंपायलरांत मिळून सव्वातीनशेहून जास्त बग काढले, हे त्यांनी २०११ मध्ये मांडलं.

खारफुटी

पहिली लोकल, रिड्यूसर लावण्याआधी पागोळींची चूक लक्षात ठेव: ‘प्रोग्राम अजून नियमात आहे का’ हे दर फेरीला तपासायचं. मी पण याच खड्ड्यात दोनदा पडले आहे. अडलीस तर व्यनि कर, ठाण्याला भेटू.

पहिली लोकल

दहा दिवस लागले. यादीतला सगळ्यात जुना बग घेतला, जिथे कंपायलर वजाबाकीवर स्वतःच कोसळतो तो. चारशे ओळींच्या नऊ झाल्या. परीक्षा होती म्हणून मधे चार दिवस सोडला. आता नुसतं एका चलातून स्थिरांक वजा करून निकालाचं चिन्ह उलटं केलं की पडतो. स्थिरांक उणे ३२,७६८ असेल तरच. उणे ३२,७६७ ला नाही पडत.

पागोळी

नऊ ओळी बघितल्या. फार नीट केलंय. एकच सांगा: चल चिन्हरहित १६ बिटी घेतलं तरी पडतो का?

पहिली लोकल

नाही. आत्ता करून बघितलं. फक्त चिन्हासहित असेल तर.

पागोळी

मग वजा स्थिरांकाची अधिक स्थिरांक करणारी जागा आहे ती. उणे ३२,७६८ उलटा केला की अधिक ३२,७६८ व्हायला हवा, तो १६ बिटांत नाही, आणि तिथेही फ्लॅग पुढे जातोय. ही माझ्या एकतीसमध्ये नव्हती. बत्तिसावी आहे. टेस्ट तुमच्या नावाने टाका, वजाबाकीच्या फोल्डरमध्ये, आणि त्या नऊ ओळींवर दोन वाक्यांत लिहा की काय व्हायला हवं. रिव्ह्यूला मी आहे आणि खारफुटींना वेळ असेल तर त्या.

खारफुटी

आहे. आज गाडीत बघते.